मुक्काम कोठें करावा?

प्रवासाचा बेत करतांना मनुष्य निघण्याची वेळ पाहतो, पोंचण्याची वेळ मोजतो. परंतु मधल्या रात्रीचा विचार त्याच्या मनांत सहसा येत नाहीं. ‘वाटेंत कोठें तरी राहूं’ एवढ्या चार शब्दांवर तो घराबाहेर पडतो. एकटादुकटा माणूस असेल, काखोटीस वळकटी असेल, तर हे चार शब्द पुरतातहि. पण मागें दोन लांबलचक गाडे जोडलेले असावे, त्यांत तीस माणसांचा संसार भरलेला असावा, आणि वाट कोरड्या मुलखांतून असावी, म्हणजे त्या ‘कोठें तरी’ची किंमत फार जबर पडते. या महिन्यांत आम्ही वाचकांपुढें हाच विषय मांडणार आहों.

हा विषय आपल्या वाचकांच्या घरचा नव्हे, असें प्रथमदर्शनीं कोणास वाटेल. परंतु शिर्डीस अथवा शिंगणापुरास मोटारीनें जातांना, दिवाळीच्या सुट्टींत गांवाकडे परततांना, रस्त्याच्या कडेनें हळूहळू सरकणारी ती रांग आपण सर्वांनीं पाहिलेली आहे. पुढें एक ट्रॅक्टर. त्याच्या मागें एकीला एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या. त्यांत बांबू, ताडपत्री, पत्र्याच्या पेट्या, बाजरीचीं पोतीं, सरपण, कोंबड्यांचें डालगें, आणि या सर्वांच्या माथ्यावर बसलेलीं बायकामुलें. आपण भोंगा वाजवितों व पुढें निघून जातों. त्या गाड्यावरील माणसांची ती रात्र कोठें जाते, याची आपणांस वार्ताहि नसते.

आमचा नगर जिल्हा (२०२४ सालापासून त्याचें सरकारी नांव अहिल्यानगर झालें आहे) क्षेत्रफळानें महाराष्ट्रांत सर्वांत मोठा. १७,०४८ चौरस किलोमीटरांचा. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत सांपडल्यामुळें त्याचा पुष्कळसा भाग कोरडा. उत्तरेस मात्र प्रवरेचा आधार मिळाला. भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें, कालवे वाहूं लागले आणि त्यांच्या कांठीं ऊंस उभा राहिला. पुढें विठ्ठलराव विखे-पाटील यांच्या पुढाकारानें व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनानें प्रवरानगरास सहकारी साखर कारखाना निघाला. १९५०-५१ च्या हंगामांत त्याचें पहिलें गाळप झालें. हा इतिहास शाळेच्या पुस्तकांतून आपल्या मुलांनीं वाचलेला असतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेस व दक्षिणेस पाथर्डी-जामखेडकडे पाहावें, तर खरीप आटोपल्यावर शेतांत काम नाहीं आणि फाल्गुनापुढें विहिरींत पाणी नाहीं. तेथील हजारों कुटुंबें, शेजारच्या बीड जिल्ह्यांतील कुटुंबांप्रमाणेंच, दसरा-दिवाळीच्या सुमारास घरास कुलूप लावून परमुलखीं ऊंस तोडावयास निघतात, तीं चैत्राच्या उन्हांतच परततात.

या लोकांत ‘कोयता’ हा शब्द हत्याराचा नव्हे, माणसांचा वाचक आहे. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. असे दहा-बारा कोयते एका मुकादमाच्या हाताखालीं एका ट्रॅक्टरवर निघतात. मुकादमाकडून हंगामापूर्वींच घेतलेली ‘उचल’ प्रत्येकाच्या डोक्यावर असते. ती फेडण्यासाठींच पुढचे पांच-सहा महिने खर्ची पडावयाचे असतात. कारखान्याचें बॉयलर-अग्निप्रदीपन झालें कीं गाळपाची घाई सुरू होते. ट्रॅक्टरवाल्याचाहि करार बांधलेला असतो. त्यामुळें एक दिवस वाटेंत गेला तर तो सर्वांसच बुडाल्यासारखा वाटतो, आणि ‘रात्रीं रस्ता मोकळा असतो, एका दमांत जाऊं’ असा निर्णय होतो. मुक्काम ठरविलेला नसतो. मग झोप अनावर होईल तेथें, टायर बसेल तेथें, किंवा मुलें रडून हैराण करतील तेथें गाडा उभा राहतो. ती जागा बहुधा हमरस्त्याची कड असते, आणि वेळ मध्यरात्रीची.

यांतील अनर्थ काय होतो, तें वर्तमानपत्रांत दर हंगामास वाचावयास मिळतें. उभ्या ट्रॉलीवर मागून भरधांव मोटार आदळते. मोटारींतीलहि मरतात आणि ट्रॉलीच्या आडोशास निजलेलेहि मरतात. दिवा नसलेली ट्रॉली अंधारांत रस्त्याच्याच रंगाची होते. म्हणून मुक्कामाचा प्रश्न हा केवळ सोयीगैरसोयीचा प्रश्न नव्हे. तो जिवाचा प्रश्न आहे, आणि त्यांत आपलेहि जीव गुंतलेले आहेत.

या बाबतींत दूरदेशची एक हकीकत उपयोगी पडेल. आमचा एक जुना विद्यार्थी हल्लीं ऑस्ट्रेलियांत पर्थ येथें राहतो. त्यानें मोटारीमागें चाकांचें घर, ज्यास तिकडे कॅरॅव्हॅन म्हणतात, तें जोडून सहकुटुंब नलारबोरचें मैदान ओलांडलें व त्याचें सविस्तर वर्णन आम्हांस लिहून पाठविलें. ‘नलारबोर’ हें नांव लॅटिन शब्दांवरून बनविलेलें आहे. त्याचा अर्थ ‘जेथें एकहि झाड नाहीं तें’. आमच्या संस्कृतांत त्यास ‘निर्वृक्ष’ म्हणतां येईल. दक्षिणेस समुद्राचे उभे कडे आणि उत्तरेस ओसाड पठार, असा हा वाळवंटी किनारा आहे. १८४१ सालीं एडवर्ड आयर नांवाच्या प्रवाशानें तो मोठ्या हालांनीं ओलांडला. त्याच्याच नांवाचा राजमार्ग आज नॉर्समनपासून सेडूनापर्यंत सुमारें १,२०० किलोमीटर जातो. त्यांत काइगुना व बॅलाडोनिया यांच्यामध्यें तर सुमारें १४६ किलोमीटर रस्त्यास एकहि वळण नाहीं.

आमच्या विद्यार्थ्यानें लिहिलें होतें तें असें. निघण्यापूर्वीं त्यानें प्रत्येक रात्रीची जागा कागदावर लिहून काढली. दोन पेट्रोलच्या ठिकाणांतील अंतर पाहिलें. वाटेवरच्या विश्रामगृहांपाशींच पाण्याची वाण असल्यामुळें आपलें पाणी आपण बरोबर घेतलें. रोज दुपारीं चारच्या सुमारास थांबावयाचें असा नेम केला. कारण सांजवेळीं कांगारू रस्त्यावर येतात, आणि मागें जड घर जोडलेली मोटार चटकन् थांबत नाहीं. जागा निवडतांना तो एक गोष्ट नेमानें पाही: जीत सरळ आंत जाऊन सरळ बाहेर पडतां येईल अशीच जागा घ्यावयाची; कारण जोडलेला गाडा मागें घेणें हें भल्याभल्यांस साधत नाहीं.

हें पत्र वाचून आमच्या मनांत आलें कीं, त्या मैदानाच्या व आमच्या मुलखाच्या अडचणी मुळांत एकच आहेत. त्याचा गाडा हौसेचा, आमच्या लोकांचा पोटाचा, एवढाच काय तो फरक. तेव्हां त्याच्या त्या कागदाप्रमाणें आमच्या वाटेचाहि कागद कां करूं नये? पुढें लिहिलेल्या गोष्टी आम्हीं अनेक ट्रॅक्टरवाल्यांशीं व मुकादमांशीं बोलून, व वाटेवरच्या गांवांत आयुष्य घालवून जमविल्या आहेत.

पहिली गोष्ट वेळेची. दोन भरल्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर ताशीं वीस किलोमीटरांहून फारसा अधिक चालवूं नये. पुष्कळ ट्रॉल्यांस स्वतःचे ब्रेक नसतात. उतारावर मागचा भार पुढच्या यंत्रास ढकलीत असतो. दुपारची विश्रांति, चहापाणी, टायर व जोडाची खीळ तपासणें, हें सर्व धरलें तर दिवसाची मजल शंभर, फार तर सव्वाशें किलोमीटरांची. कार्तिकांत दिवस लहान. सूर्योदयास निघून दुपारीं चारपर्यंत मुक्कामीं लागावें. गोरजवेळ ही विवाहास शुभ असेल, पण गाड्यास नाहीं. त्या वेळीं गुरें रस्त्यावर, धूळ हवेंत, आणि पश्चिमेस जाणाराच्या डोळ्यांत मावळता सूर्य असतो.

दुसरी गोष्ट जमिनीची. जागा रस्त्यापासून आंत पाहिजे, आणि तीस आंत शिरण्याची वाट एक व बाहेर पडण्याची दुसरी पाहिजे. एक ट्रॉली मागें घेणें कठीण. दोन जोडलेल्या ट्रॉल्या मागें घेणें जवळजवळ अशक्य. ट्रॅक्टर कोठें मावेल हें न पाहतां शेवटची ट्रॉली कोठून वळेल हें पाहावें. मुरमाड जमीन उत्तम. काळ्या रानांत गाडा कधींहि घालूं नये. कार्तिकांतला एखादा अवकाळी शिडकावा झाला तरी चाकें रुततात व दुसरा ट्रॅक्टर आणल्यावांचून निघत नाहींत. ओढ्याचें कोरडें पात्र सपाट व मोहक दिसतें, तेंहि वर्ज्य. पुलाचें तोंड, वळणाची कड व विजेच्या ताराखालची जागा यांची गोष्टच नको.

तिसरी गोष्ट पाण्याची. आम्ही पूर्वाश्रमीं गणित शिकविणारे असल्यामुळें येथें हिशेब मांडल्यावांचून राहवत नाहीं. बारा कोयते म्हणजे चोवीस माणसें, दहा-बारा मुलें, एकूण छत्तीस धरूं. पिणें, रांधणें, हातपाय धुणें मिळून माणशीं दहा लिटर, म्हणजे अगदीं काटकसरीनें, घेतलें तरी एका मुक्कामास ३६० लिटर पाणी लागतें. दोनशें लिटरांचीं दोन पिंपें भरून घेतलीं तर एक रात्र निभते. म्हणजे प्रत्येक मुक्कामीं पिंपें पुन्हा भरतां आलीं पाहिजेत, हें उघड झालें. ‘पाणी मिळेल’ या भरंवशावर राहूं नये. कोणत्या विहिरीचें, कोणाच्या परवानगीनें, तें आदल्या दिवशीं दूरध्वनि करून विचारावें. आतां प्रत्येक मुकादमाच्या खिशांत फोन आहे. त्याचा यापेक्षां चांगला उपयोग आम्हांस तरी सुचत नाहीं.

चौथी गोष्ट स्त्रियांची. ही सहसा कोणी बोलत नाहीं म्हणून आम्ही स्पष्ट लिहितों. पुरुष कोठेंहि जाऊन येतात. स्त्रियांस अंधार पडेपर्यंत थांबावें लागतें आणि मग अनोळखी रानांत जावें लागतें. यासाठीं त्या दुपारपासून पाणीच पीत नाहींत, असें त्यांच्याच तोंडून आमच्या घरांतील मंडळींनीं ऐकलें आहे. बरोबर गरोदर बायका असतात, लेंकुरवाळ्या असतात. म्हणून ज्या ठिकाणीं शौचालय व आडोसा आहे, आणि हांकेच्या अंतरावर वस्ती आहे, तेंच ठिकाण खरें. बाकीचे गुण असून हा एक नसेल तर ती जागा टाकावी.

पांचवी गोष्ट झोपेची. ट्रॉलीच्या खालीं कोणीहि निजूं नये. दंव पडत नाहीं, आडोसा मिळतो, म्हणून लोक मोहानें निजतात. पण गाडा हलला तर उठण्यास अवकाश मिळत नाहीं. चाकांस दोन्ही बाजूंनीं दगड लावावे, आणि पहाटे निघतांना ते रस्त्यावर न टाकतां दूर करावे. ट्रॉलीच्या मागें दोन्ही कडांस तांबडे परावर्तक असावेत असा मोटार-वाहनांचा नियमच आहे. कित्येक कारखाने व परिवहन-कचेऱ्या हंगामाच्या आरंभीं ते लावूनहि देतात. मात्र चिखलानें माखलेला परावर्तक असून नसल्यासारखा. रोज सकाळीं तो फडक्यानें पुसण्याचें काम एखाद्या मोठ्या मुलाकडे नेमून द्यावें.

हे नियम आतां एका खऱ्या वाटेस लावून पाहूं. पाथर्डीहून सांगलीकडे जाणारा गाडा नगर, दौंड, बारामती, फलटण, दहिवडी, विटा या मार्गानें सुमारें साडेतीनशें किलोमीटर जातो. पहिल्या दिवशीं सकाळीं बैठक ताजी असतांनाच करंजीचा घाट ओलांडावा, दुपारीं नगर मागें टाकावें, आणि भीमा ओलांडण्यापूर्वीं श्रीगोंदे तालुक्यांत काष्टीच्या आसपास थांबावें. काष्टी हें गुरांच्या बाजाराचें प्रसिद्ध गांव; बाजाराचा दिवस मात्र चुकवावा, नाहीं तर गाडा वळविण्यास जागा मिळणार नाहीं. दुसऱ्या दिवशीं दौंड-बारामतीवरून नीरा ओलांडून फलटणास यावें. ही मजल नव्वद किलोमीटरांच्या आसपासची, म्हणजे लहान आहे. दिवस शिल्लक राहतो आणि पुढें जाण्याचा मोह होतो. तो आवरावा. कारण फलटण-दहिवडीच्या वाटेवर मोगराळ्याचा घाट आहे. तो तिन्हीसांजां चढण्याचा नव्हे. तिसऱ्या दिवशीं सकाळीं थंड यंत्रानें व ताज्या डोळ्यांनीं तो चढून, माण-खटावच्या कोरड्या माळावरून विट्यास पोंचावें. पाणी फलटणासच भरून घ्यावें. चवथ्या दिवशीं दोनप्रहरापूर्वीं सांगली येते, आणि मुक्कामाच्या फडावर कोपी उभारण्यास उजेड उरतो. अंधारांत उभारलेल्या कोपींत विंचूकिरडूं आधीं राहावयास येतें, असें ते लोकच सांगतात.

एकंदर तीन रात्री झाल्या. एका दमांत जाणारा गाडा दीड दिवसांत पोंचतो. आमच्या हिशेबानें साडेतीन दिवस लागतात. दोन दिवस अधिक गेले. हे दोन दिवस कोणाच्या खात्यावर मांडावयाचे, हाच या विषयांतील खरा वाद आहे. मुकादम म्हणतो, माझ्या नव्हे. ट्रॅक्टरवाला म्हणतो, माझ्या नव्हे. मग ते मजुरांच्या खात्यावर पडतात, आणि मजूर आपणहून म्हणतो, ‘रात्रीं चला.’ आमच्या मतें कारखान्यांनीं ठेका करतांनाच प्रवासाचे दिवस अंतरावरून मोजून करारांत घालावे. शंभर किलोमीटरांस एक दिवस, एवढें एक साधें कलम पुरे आहे. ज्या कारखान्याच्या दारांत हे लोक पांच महिने राबणार, त्यानें त्यांस जिवंत व धडधाकट आणण्यासाठीं दोन दिवस दिले तर तें दान नव्हे.

राहिला प्रश्न जागेचा. करार बदलला, दिवस मिळाले, तरी छत्तीस माणसें व दोन ट्रॉल्या कोणत्या अंगणांत घालावयाच्या? पेट्रोलपंपावर कांहीं वेळां जागा देतात, कांहीं वेळां हांकून देतात. देवळाच्या आवारांत गाडा शिरत नाहीं. येथें आपल्या जुन्या विचाराचें स्मरण होतें. आपल्या धर्मशास्त्रांत यज्ञयागांस ‘इष्ट’ आणि विहिरी, तळीं, बागा, पांथस्थांच्या धर्मशाळा बांधण्यास ‘पूर्त’ म्हटलें आहे, व दोन्ही मिळून ‘इष्टापूर्त’ असा जोडशब्द केला आहे. देवास द्यावयाचें आणि वाटसरास द्यावयाचें, हीं कर्तव्यें एका शब्दांत बांधण्यांत मोठें शहाणपण आहे. अशोकानें आपल्या शिलास्तंभावर रस्त्यांच्या कडेस लावलेलीं झाडें, खणलेल्या विहिरी व विसांव्याच्या जागा यांचा मुद्दाम उल्लेख कोरविला. आणि ज्या पुण्यश्लोक स्त्रीचें नांव आज आमच्या जिल्ह्यास दिलें आहे, त्या अहिल्याबाई होळकरांचा जन्म १७२५ सालीं जामखेड तालुक्यांतील चौंडी येथें झाला. त्यांनीं हिंदुस्थानभर तीर्थांच्या ठिकाणीं व वाटांवर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधविल्या. त्याच जामखेड तालुक्यांतून निघणाऱ्या माणसांस त्यांच्याच नांवाच्या जिल्ह्यांत रात्रीपुरती निवाऱ्याची जागा मिळूं नये, हें त्या नांवास शोभत नाहीं.

नव्या धर्मशाळा बांधाव्या असें आम्ही म्हणत नाहीं. बांधलेल्या जागा रिकाम्या पडून आहेत. हे लोक निघतात त्या दिवसांत बहुधा दिवाळीची सुट्टी असते आणि वाटेवरची प्रत्येक शाळा बंद असते. शाळेस मोठें पटांगण असतें, तें बहुधा मुरमाचें असतें. पाण्याची टांकी असते. मुलींसाठीं शौचालय असतें. विजेचा दिवा असतो. व वस्ती जवळ असते. वर सांगितलेल्या पांचहि गोष्टी एकत्र अशा दुसऱ्या कोठें सांपडतील? ग्रामपंचायतीनें व शाळा-समितीनें मिळून त्या पंधरा दिवसांपुरतें पटांगण उघडें ठेवावें, टांकी भरावी, एक दिवा रात्रभर जळूं द्यावा. खर्च म्हणाल तर फार किरकोळ आहे.

अडचणी नाहींत असें नव्हे. आम्ही मुख्याध्यापक असतांना, यास वीसएक वर्षें झालीं, आमच्या शाळेपुढें एक गाडा जोडाची खीळ तुटून अडकला व मुकादम पटांगण मागावयास आला. गांवांतील कांहीं मंडळींनीं आक्षेप घेतला: घाण होईल, झाडें तोडतील, कांहीं तरी उचलून नेतील. आक्षेप घेणारीं माणसें वाईट नव्हतीं. शाळेचीं झाडें त्यांच्याच मुलांनीं लावलेलीं होतीं. शेवटीं अटी ठरल्या. चूल पटांगणाच्या एकाच कोपऱ्यांत, झाडाची काटकी तोडावयाची नाहीं, आणि जातांना जागा झाडून द्यावयाची. लोक दोन रात्री राहिले. तिसऱ्या दिवशीं पहाटे गेले तेव्हां पटांगण इतकें स्वच्छ होतें कीं आमच्या शिपायास झाडू हातीं धरावा लागला नाहीं. आक्षेप घेणाऱ्यांपैकीं एका गृहस्थानेंच दुसऱ्या वर्षीं आपल्या विहिरीवरची मोटार लावून टांकी भरून दिली.

त्या मुक्कामांत आठ-नऊ वर्षांची एक मुलगी वर्गाच्या खिडकीचे गज धरून आंत पाहात उभी होती. आम्हांस पाहून तिनें विचारलें, “गुरुजी, इथं नांव घालतां येतं का?” आम्हीं विचारलें, “किती दिवसांसाठीं?” ती म्हणाली, “आजच्यापुरतं.” सुट्टी असल्यामुळें वर्ग बंद होता. आम्हीं कुलूप काढून तिला व तिच्या बरोबरच्या मुलांना आंत बसविलें, फळा दाखविला, आणि दोन तास तीं मुलें पाढे म्हणत बसलीं. त्यांना सातापर्यंतचे पाढे येत होते. पुढचे शिकण्यास त्यांस पुन्हा चैत्र उजाडावा लागणार होता. हजेरीपटावर त्यांचीं नांवें आम्हांस घालतां आलीं नाहींत; परंतु शाळेचें पटांगण केवळ गांवच्याच मुलांचें नाहीं, हें त्या दिवशीं आमच्या मनांत पक्कें झालें.

आतां आपल्या वाचकांकडे वळतों. आपणांपैकीं कोणाची वाटेवर शेती असेल, विहीर असेल, वाड्यापुढें मोकळी जागा असेल. कोणी शाळा-समितीवर असेल, कोणी कारखान्याच्या नोकरींत असेल, कोणाचा मुलगा सरकारी अधिकारी असेल. ज्याच्या हातांत जें असेल त्यानें तें या कामीं लावावें: एकानें विहिरीचें पाणी द्यावें, एकानें कराराचें कलम सुचवावें, एकानें पटांगणाची किल्ली मिळवून द्यावी. ज्यास यांतील कांहींच शक्य नाहीं, त्यानें निदान रात्रीच्या प्रवासांत मोटारीचा वेग उतरवावा. पुढें अंधारांत कांहीं हालतांना दिसलें नाहीं म्हणून तेथें कांहीं नाहीं असें समजूं नये. आणि दिवसा तो गाडा ओलांडतांना नुसता भोंगा न वाजवितां क्षणभर थांबून चालकास विचारावें, “आजचा मुक्काम कोठें?” त्यानें गांवाचें नांव सांगितलें तर ठीक. ‘बघूं कोठें तरी’ असें म्हणाला, तर पुढल्या ज्या शाळेचें, पंपाचें किंवा मळ्याचें नांव आपणांस ठाऊक असेल तें त्यास सांगावें.

येत्या दिवाळींत आपल्या गांवीं असा प्रयोग कोणी केला, तर कोणत्या अटी ठरविल्या, पाण्याचें कसें जमविलें आणि कोणत्या अडचणी आल्या, तें आम्हांस अवश्य कळवावें. पुढील वर्षीं दसऱ्यापूर्वीं वाटेवरच्या मुक्कामांची एक यादी गांववार करून मुकादमांच्या हातीं देण्याचा आमचा विचार आहे. यादींत पहिलीं दहा नांवें आलीं, तरी पाथर्डी ते सांगली या वाटेवरचे तीन मुक्काम ठरविणें जमेल.